हसकेलजींची दहा माणसं

हसकेलजी पेझारकर माणसं मोजत नसत. आता कालव्यावरच्या इन्स्पेक्टरचं निम्मं काम म्हणजे माणसं मोजणं. गाळ काढायला किती आले, भराव खचला तर किती लागतील, कोण मोरीवर, कोण चारीवर. पण या गृहस्थांनी कुणाकडे बोट करून एक, दोन, तीन असं कधी म्हटलं नाही. सकाळी मजूर रांगेत उभे राहिले की ते कडेनं चालत जायचे आणि माणसागणिक तोंडातून एकेक चमत्कारिक शब्द काढायचे. दहा शब्द झाले की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी माझ्याकडे वळून म्हणायचे, "अण्णा, लिहा. चार वेळा पुरं, आणि वर तिसऱ्या शब्दापर्यंत." मी त्यांचा कारकून. मी मुकाट्यानं त्रेचाळीस लिहीत असे.

पहिले काही दिवस मला हा माणूस थोडा सरकलेला वाटला. मग एकदा त्यांनीच खुलासा केला. तो हिब्रू प्रार्थनेतला दहा शब्दांचा तुकडा होता. "आमच्यात माणसाला आकडा लावत नाहीत. आकडा लावला की माणूस उणा होतो. शब्द लावा, काही बिघडत नाही." मजुरांना एवढा खुलासा कुणी केला नव्हता, पण त्यांचं त्यावाचून अडलं नव्हतं. आमचा सखाराम मुकादम सगळ्यांना सांगायचा, "साहेब मंतर म्हनत्यात. म्हून तर आपल्या पाटात कुनी बुडत न्हाय."

हे काही खरं नव्हतं. बुडत होते. त्याची हकीकत पुढे येईल.

आमची चौकी नीरेच्या डाव्या कालव्यावर, अंथुर्ण्यापासून दोन-तीन मैलांवर. कालव्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मुरमाड माळ, काठावर सरकारी बाभळी आणि बाभळींच्या सावलीत आमची पाच-सहा घरं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. बारामतीला जायचं तर सायकल, दौंडला जायचं तर बारामतीहून छोटी गाडी किंवा भिगवणहून मोठी. हसकेलजी सायकलवरून कालव्याच्या काठानं निघाले, की बांधावरची माणसं उगीचच उभी राहायची. सहा फूट उंची, खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोला टोपी, आणि खाली जाड मिशा. त्यांचे आवडते दोन शब्द होते, 'का नाही?' भराव सकाळपर्यंत बांधून होईल का, तर का नाही? वरचे साहेब हे मान्य करतील का, तर का नाही? एखादी गोष्ट होणार नाही असं म्हणणाऱ्याकडे ते अशा काही नजरेनं बघत, की त्या माणसाला आपल्यालाच काहीतरी झालं आहे असं वाटू लागे.

हसकेलजी कोण, हे गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गावच्या पाटलांनी एकदा त्यांना समोर बसवून विचारलंच. "साहेब, तुमची आई नऊवारी नेसती, बोलनं आमच्यावानी, आन शनवारी चूल न्हाय पेटवत. मुसलमान म्हणावं तर नमाज न्हाय, किरिस्ताव म्हणावं तर पाद्री न्हाय. ह्यो परकार काय हाय?" हसकेलजी म्हणाले, "आम्ही बेने इस्राएल. यहुदी. मूळचे कोकणातले, पेझारीचे. तिकडे आमचे वाडवडील तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे." पाटलांनी बराच वेळ विचार केला. "म्हंजी तेली," ते म्हणाले आणि निश्चिंत मनानं घरी गेले.

आता ती बुडाल्याची हकीकत. एका हिवाळ्यात सकाळी कालव्यातून एक प्रेत वाहत आलं. कालव्यातलं प्रेत ज्या गावच्या हद्दीत थांबेल त्या गावाच्या डोक्यावर पंचनाम्याची कटकट. म्हणून वरच्या गावच्या लोकांनी ते बांबूनं ढकलून खाली दिलं होतं, आणि आमचे पाटीलही दोन गडी आणि एक लांब बांबू घेऊन काठावर हजर होते. तेवढ्यात हसकेलजी सायकलवरून आले. त्यांनी एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा पाटलांकडे पाहिलं, आणि खालच्या मोरीवरच्या मिस्त्रीला ओरडून हुकूम दिला, "दारं पाड."

दारं पडली. पाणी तुंबलं आणि प्रेत जागच्या जागी फिरत राहिलं. खालच्या अंगाला ज्यांची पाण्याची पाळी होती ते बागायतदार धावत आले.

"साहेब, आमचं पानी बंद का केलं?"

"माणूस आहे पाण्यात. काढल्याशिवाय सुटणार नाही."

"त्यो काय आमचा हाय व्हय?"

"माझाही नाही. म्हणूनच."

प्रेत बाहेर काढलं. इंदापूरहून पोलीस यायला दिवस कलला. तोवर हसकेलजी टोपी मांडीवर ठेवून त्या अनोळखी माणसाशेजारी बसून होते. मी डबा उघडायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "इथं नको. त्याला खाता येत नाही, त्याच्यासमोर आपण खायचं नाही. भूक लागली असेल तर त्या बाभळीपलीकडे जा." मी म्हटलं, तुम्हीही चला. तर म्हणाले, मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. त्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ निघाली. मग हसकेलजींनी पाटलांना बोलावून सांगितलं, "हा तुमच्यातला. याला अग्नी द्यायला हवा. लाकडं माझी." आणि ज्या सरकारी बाभळींची काटकी मोडली म्हणून त्यांनी निम्म्या गावाला दंड केला होता, त्यातली एक वठलेली बाभूळ त्यांनी उभ्या उभ्या तोडायला लावली. पाटलांनी अग्नी दिला. त्यांना द्यावाच लागला, कारण हसकेलजी त्यांच्या पाठीशी उभे होते.

परतताना मी म्हणालो, "हसकेलजी, एवढा खटाटोप कशासाठी?" ते म्हणाले, "अण्णा, जिवंत माणसाचं केलं तर तो कधीतरी उपयोगी पडतो, निदान बरं बोलतो. मेलेला माणूस काही म्हणजे काही करू शकत नाही. त्याचं केलं तेवढंच निखळ. बाकी सगळी देवाणघेवाण." असं म्हणून सायकलवर बसले आणि दारं उघडायला गेले. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. एकदा सांगितलं की संपलं.

या माणसाला उभ्या पंचक्रोशीत एकच व्यक्ती दटावू शकत होती, त्यांची आई लेआबाई. हसकेलजींची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात हे दोघंच. लेआबाई ऐंशीच्या घरात, मुठीएवढी मूर्ती, पण आवाज मुलासारखाच. तिला देश कधी आवडला नाही. "हे काय पाणी, हे काय तांदूळ, आणि ही काय मासळी," हे रोजचं. भिगवणकडून भीमेची मासळी आली की तिला खवले आहेत का हे आधी तपासायचं. खवले नसलेला मासा त्यांना चालत नसे. म्हातारीला जवळचं बारीक दिसत नसल्यामुळे हे काम हन्नाबाईकडे होतं. हन्नाबाईविषयी सांगतोच.

लेआबाईच्या ट्रंकेत तिचं स्वतःचं कफन होतं. पांढऱ्या कापडाचं, तिनंच हातानं शिवलेलं. दोऱ्याला कुठं गाठ मारलेली नाही, कारण कफनाला गाठ नसते. वर्षातून एकदा ती ते दोरीवर उन्हात घालायची. माझी बायको नवीन होती तेव्हा तिनं कौतुकानं विचारलं, "आजी, हे कुणासाठी शिवलंत?" म्हातारी म्हणाली, "माझ्यासाठी गे. बघ बरं, लांबीला पुरेल ना?" माझी बायको दोन दिवस नीट जेवली नाही. त्याच ट्रंकेत एका पुडीत यरुशलेमची चिमूटभर माती होती. ती मेल्यावर डोळ्यांवर घालायची. म्हणजे म्हातारीची सगळी तयारी झालेली होती. फक्त एक गोष्ट ट्रंकेत मावण्यासारखी नव्हती.

ती म्हणजे दहा माणसं. त्यांच्यात मेलेल्याच्या कबरेवर मुलगा कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतो. तो म्हणायला दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ असले तर कद्दिश नाही, मग ते नऊ कितीही विद्वान असोत. त्या दहांना ते मिन्यान म्हणत. लेआबाई रोज एकदा तरी मुलाला ऐकवायची, "हसकेल, मला कद्दिश हवा. दहा तोंडांचा आमेन माझ्या कानी पडला पाहिजे. पडल्याशिवाय मी खाली निजणार नाही, सांगून ठेवते." हसकेलजी म्हणत, "मिळतील आई. का नाही?"

आता पुण्यात त्यांची वस्ती होती, कबरस्तान होतं. पण म्हातारीला मुलापासून लांब जायचं नव्हतं. कलेक्टर कचेरीतून कालव्यापलीकडच्या माळाचा एक तुकडा हसकेलजींनी तिच्यासाठी आधीच मंजूर करून घेतला होता. राहता राहिली माणसं. दौंडला रेल्वेत पाच होते, त्यात वडीलधारे मुसाजी गार्ड. भिगवणला तारमास्तर. बारामतीच्या दवाखान्यात कंपाउंडर. इंदापूरला एक हवालदार. सर्व्हेमधला एक ओव्हरसीअर. आणि स्वतः हसकेलजी. झाले दहा. पण सरकारी नोकरांचं मिन्यान म्हणजे बदलीच्या हुकमावर. कुणाची बदली झाली की हसकेलजींची झोप उडायची. दौंडकडून आलेल्या माणसाला ते उसाचा भाव विचारत नसत, "जंक्शनवर नवीन कुणी आलंय का? नाव काय?" हे विचारत. आणि मग सर्व्हेमधल्या ओव्हरसीअरची सिंधमध्ये बदली झाली. राहिले नऊ. म्हातारी अंथरुणाला खिळली ती त्याच उन्हाळ्यात.

खरं म्हणजे आणखी एक माणूस होता. आमच्याच चौकीत होता. मोरीची लोखंडी दारं सांभाळणारा शालोम मिस्त्री.

शालोमचा बाप बेने इस्राएल, कालव्यावरचा लोहार. आई जना, नीरेकाठच्या कोळ्यांची. लग्नानंतर ती हन्नाबाई झाली. नवरा गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती, तरी शुक्रवारी तिन्हीसांजेला तिच्या घरी दिवा लागायचा आणि शनिवारी चूल गार असायची. पण त्यांच्यात एक रेघ होती. आई बाहेरची असली की मुलं 'काळे इस्राएल', बाकीचे 'गोरे इस्राएल'. कातडीच्या रंगाशी याचा काही संबंध नव्हता. शालोम हसकेलजींपेक्षा उजळ होता. काळ्यांशी सोयरीक नाही, एका ताटात जेवण नाही आणि मिन्यानात त्यांची गणती नाही. शनिवारी सकाळी हसकेलजी पुढच्या खोलीत प्रार्थना म्हणत आणि शालोम बाहेर पायरीवर बसून म्हणे. त्याचा चहाचा पेला ओसरीच्या कोनाड्यात वेगळा असे. हन्नाबाई रोज दुपारी लेआबाईजवळ यायची. म्हातारी बाजेवर, ती पायरीवर. म्हातारी तिला "जने" म्हणून हाक मारी, दिवसभर तिच्यावर खेकसे, आणि एक दिवस ती आली नाही की बाजेवर उठून बसून रस्त्याकडे बघत राही.

मी एकदा हसकेलजींना डिवचलं. म्हटलं, आमच्यात आहे तेवढं पुरे नव्हतं का, तुम्हीही सुरू केलंत? ते सायकलची साखळी साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "अण्णा, चौकीच्या विहिरीवर तुमच्या घागरीशेजारी कोणाकोणाची घागर चालते, ते आधी मला सांगा." या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

लेआबाई वैशाखात गेली, गुरुवारी दुपारी. माझी बायको धावत आली, "अहो, ते घरातलं सगळं पाणी ओतून टाकतायत." ऐन वैशाखात भरलेले हंडे अंगणात रिकामे होत होते. तीही त्यांची रीत; मृत्यू झाला की घरात भरून ठेवलेलं पाणी ठेवत नाहीत. हसकेलजींनी स्वतःच शेवटचा हंडा पालथा केला आणि मला म्हणाले, "भिगवणला माणूस पाठवा. तारमास्तर बाकीच्यांना कळवेल. उद्या सूर्य मावळला की शनिवारचा शब्बाथ लागतो, त्याच्या आत आई जमिनीत गेली पाहिजे." आवाज नेहमीचाच होता. पण सांगून झाल्यावर ते तिथंच उभे राहिले, हंडा हातात धरून, आणि मी तो काढून घेईपर्यंत त्यांना त्याची शुद्ध नव्हती. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी पहाटे अडचण उभी राहिली. बाईला बायकांनीच न्हाऊ घालायचं. त्या स्नानाला ते तहारा म्हणतात. दौंडच्या बायका काही एवढ्या लांब येण्यासारख्या नव्हत्या. दारात हन्नाबाई येऊन उभी राहिली. अंघोळ करून, ओल्या केसांनी.

"साहेब, मी आत येऊ का?"

हसकेलजी उंबऱ्यात होते. ते दारातून बाजूला झाले.

माझ्या बायकोनं पाणी तापवून दिलं. आत काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं. हन्नाबाई म्हातारीशी सारखी बोलत होती. "आई, आता कूस बदलते हं, राग धरू नगा. आई, हात उचलते. चुकलं तर माफी करा." सासूनं तिला हे तसंच शिकवलं होतं, मेलेल्या माणसाची प्रत्येक गोष्टीला माफी मागायची. शेवटी तिनं पुडीतली माती म्हातारीच्या डोळ्यांवर घातली आणि मग मात्र भिंतीशी बसून पोटभर रडली.

तिकडे माळावर शालोम झुंजूमुंजूपासून टिकावानं मुरूम फोडत होता. दुपारपर्यंत माणसं जमली. रेल्वेचे पाचही आले, ड्यूट्या बदलून. तारमास्तर, कंपाउंडर, हवालदार आले. आमची चौकी, पाटील आणि अर्धं गाव थोडं लांब उभं राहिलं. कबरेशी त्यांची मंडळी उभी राहिली आणि हसकेलजी कडेनं चालत गेले. माणसागणिक एक शब्द. नववा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटला. दहाव्या शब्दाला ते थांबले.

मुसाजी गार्ड समजुतीनं म्हणाले, "हसकेल, देवाची मर्जी. कद्दिश राहू दे. बाकीच्या प्रार्थना नवांतही होतात."

हसकेलजींनी समोर पाहिलं. कबरेच्या पलीकडे, मातीच्या ढिगाच्या मागे शालोम टिकावावर हात टेकून उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत मुरमानं माखलेला.

"शालोम," हसकेलजी म्हणाले, "इकडे ये. उभा राहा."

मुसाजींच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "हे चालणार नाही. तुझ्या आजानं हे केलं असतं?"

"आजा इथं नाही. मी आहे."

"अरे, मोजायचं तरी कसं त्याला?"

"मुसाजीकाका, माझ्या आईला त्याच्या आईनं न्हाऊ घातलं. ती तहारा चालते का? नसेल चालत तर आई अजून अशुद्ध आहे, तिला कफनातून काढा आणि परत धुवा. आणि चालत असेल तर हा पोरगा ढिगाच्या मागे काय म्हणून उभा?"

पण शालोमच पुढे येईना. तो शांत माणूस. त्याचा आवाज मी दारांच्या खडखडाटावर ओरडतानाच काय तो ऐकला होता.

"साहेब, आज एक कमी पडला म्हून मला मोजायचं. आन शनवारी मी परत पायरीवर. आसंच ना?"

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. आयुष्यात कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं, आणि तेही आई खाली ठेवायची असताना.

"शनिवार उद्याच आहे," हसकेलजी म्हणाले. "उद्या आत ये आणि माझ्या शेजारी बस. नाही आलास तर मी पायरीवर येऊन बसेन. बाहेर कुणी एकटा बसणार नाही. हे मी हिच्यासमोर सांगतो." आणि त्यांनी कफनातल्या त्या मुठीएवढ्या म्हातारीकडे हात केला.

शालोमनं टिकाव जमिनीवर ठेवला, कालव्यावर जाऊन हातपाय धुऊन आला आणि ओळीत उभा राहिला. मुसाजींनी छत्री काखेत मारली. ते गेले असते तर परत नऊच. हसकेलजी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "काका, भिगवणचा टांगा मीच सांगितलाय. कद्दिश झाल्याशिवाय तो यायचा नाही. उन्हात चालत जाण्यापेक्षा थांबा."

मुसाजी थांबले, पाठ फिरवून थांबले. मग हसकेलजींनी दहावा शब्द म्हटला, शालोमच्या खांद्यावर हात ठेवून, आणि आईला खाली ठेवून माती लोटल्यावर कद्दिश सुरू केला. प्रत्येक ओळीला आमेन येत होता. मुसाजींचा सगळ्यांच्या मागाहून येई, पण येई.

नंतर सात दिवस हसकेलजी भुईवर बसले. त्यांच्यात सुतकाचं पहिलं जेवण घरचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं. आमच्यात कडू घास असतोच, तेव्हा माझ्या बायकोला यात काहीच नवीन वाटलं नाही. फक्त हन्नाबाईनं तिला सांगितलं की अंडी उकडून आणा आणि अख्ख्या मसुराची आमटी करा, सगळं गोल गोल असावं. पाटील भेटायला आले, "राम राम" म्हणाले, आणि हसकेलजींनी रामराम घेतला नाही म्हणून रुसले. सुतक्यानं नमस्कार-चमत्कार करायचे नसतात, हे मी त्यांना अंगणात समजावलं. "बरं, ते ऱ्हाऊ द्या," पाटील म्हणाले, "पर साहेब सात दिस भुईवर, आन पाळी आमची. पानी कोन सोडनार?" पाणी शालोमनं सोडलं. मधल्या शनिवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेलो. पायरी रिकामी होती आणि आतून दोन आवाज येत होते, एक खणखणीत आणि एक जरा बिचकत. ओसरीच्या कोनाड्यातला पेलाही कुणीतरी उचलला होता.

पुढच्या वर्षी माझी बदली खानदेशात झाली. सामान बैलगाडीत भरून झालं, त्याच सकाळी हन्नाबाई गेली. दोन दिवसांचा ताप. मी गाडीवानाला थांबवलं आणि माळावर गेलो.

शालोमनं आईसाठी जागा निवडली होती ती पार टोकाला, ओढ्याच्या कडेला. हात दीड हात खणूनही झालं होतं. हसकेलजी आले, त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हे बुजव." मग लेआबाईच्या कबरेशेजारी येऊन त्यांनी टिकावाच्या टोकानं मुरमावर रेघ मारली. "इथं. दोघींना दुपारी एकमेकींशी बोलायची सवय आहे." आणि पहिला घाव त्यांनीच घातला. पन्नाशीचा माणूस, पण मुरूम असा फोडत होता की सखारामला टिकाव मागून घ्यायचं धाडस होईना.

दुपारी दौंडची मंडळी आली. मुसाजीही आले, थकले होते, काठी टेकत आले. कुणी बोलवायला गेलं तेव्हा मयत कुणाची हे त्यांना नीट सांगितलं होतं, तरी आले.

दफनाआधी त्यांच्यात एक विधी असतो. त्याला ते केरिया म्हणतात. मेलेल्याच्या अगदी सख्ख्या माणसाच्या सदऱ्याला गळ्यापाशी चाकूनं चीर द्यायची आणि पुढचं त्यानं स्वतःच्या हातानं फाडायचं. आईबापासाठी डाव्या बाजूला, काळजावर. भावाबहिणीसाठी उजव्या बाजूला. हे सख्ख्या नात्यालाच, परक्याला नाही. मुसाजींनी चाकू काढला. शालोमच्या सदऱ्याची डावी बाजू धरून चीर दिली. शालोमनं ती खाली ओढली आणि कापड फाटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मुसाजी चाकू मिटत होते. तेवढ्यात हसकेलजी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुला कशाला?" मुसाजी म्हणाले. "हे नात्यातल्या माणसाचं आहे. तुझी ती कोण?"

हसकेलजींनी खाकी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि उजवी बाजू पुढे केली.

म्हाताऱ्या गार्डनं त्या उजव्या बाजूकडे पाहिलं. मग हसकेलजींच्या तोंडाकडे पाहिलं. आणि चाकू पुन्हा उघडला, गळपट्टी चिमटीत धरली आणि कापली. पुढचं हसकेलजींनी स्वतःच्या हातानं फाडलं.